अण्णा म्हणाले होते, विमान दुसरं आहे

१९८९ साल असेल, मी सातवीत होते. आमचं घर दापोडीला, अण्णा एसटीच्या वर्कशॉपमध्ये फिटर, आणि शेजारचे काका मस्कतला तेलाच्या कंपनीत. काका दर दोन वर्षांनी सुट्टीवर यायचे तेव्हा अख्ख्या गल्लीसाठी तो सणच असायचा, कारण बॅगेतून सेंट, साबण, बदाम निघायचे आणि त्याच्याबरोबर व्हिडिओ कॅसेट. व्हीसीआर फक्त त्यांच्याकडेच होता. त्या वर्षी त्यांनी एक इंग्लिश पिक्चर आणला होता आणि म्हणाले, यात आमच्यासारखी तेलाच्या कंपनीची माणसं आहेत, वाळवंटात विमान पडतं. एवढ्यावर पंधरा-वीस माणसं त्यांच्या हॉलमध्ये सतरंजीवर जमली.

पिक्चर होता 'द फ्लाइट ऑफ द फीनिक्स', १९६५ सालचा, रॉबर्ट आल्ड्रिच दिग्दर्शक. तासाभरात अर्धी माणसं उठून गेली. गाणं नाही, बाई जवळजवळ नाहीच, नुसते दाढी वाढलेले, ओठ फुटलेले पुरुष वाळूत बसून एकमेकांवर खेकसतायत, आणि सगळं इंग्लिशमध्ये. शेवटी काका, अण्णा आणि मी एवढेच उरलो. अण्णांना इंग्लिश येत नव्हतं म्हणजे स्पॅनर, गॅस्केट, क्रँक असलं सगळं यायचं पण वाक्य नाही. तरी ते जागचे हलले नाहीत, आणि संपल्यावर काकांना म्हणाले, उद्या दुपारी परत लावाल का, मला थांबवून थांबवून बघायचंय.

पिक्चर थांबवून बघता येतो ही कल्पनाच तेव्हा आमच्यासाठी नवी होती. थिएटरमध्ये पिक्चर त्याच्या चालीनं चालतो आणि आपण मागनं पळायचं. व्हिडिओ आला आणि माणूस म्हणू शकला, थांब, हे काय केलं ते परत दाखव. दुसऱ्या दिवशी रिमोट माझ्या हातात आणि अण्णा टीव्हीपासून हातभर अंतरावर उकिडवे बसलेले. "अगं, थांबव." "थोडं मागं." "आता सोड." पॉज केलं की चित्र थरथरायचं, मधून पांढरे पट्टे जायचे, आणि काका अधूनमधून म्हणायचे की टेप घासली जाईल हो, पण अण्णांचा चेहरा बघून त्यांनी थांबवलं मात्र नाही.

ज्यांनी पिक्चर बघितला नाही त्यांच्यासाठी सांगते, आणि शेवट कळू नये असं वाटत असेल तर इथून पुढं वाचू नका. लिबियातल्या तेलाच्या खाणीवरून एक जुनं मालवाहू विमान बेनगाझीकडं निघालंय, आत चौदा माणसं. वादळात वाळू कार्ब्युरेटरमध्ये जाते, एकामागोमाग एक दोन्ही इंजिनं बंद पडतात आणि पायलट विमान कसंबसं वाळवंटात टेकवतो. टायटल्स याच वेळी येतात. विमान कोसळत असताना एकेका माणसाचा चेहरा फ्रीझ होतो आणि वर नाव येतं, मग परत हलायला लागतं, मग पुढचा चेहरा. दोघं तिथंच मरतात, एकाचा पाय चेचला जातो. पाणी मोजकं, खायला नुसता खजूर, विमानाचा रेडिओ बंद, आणि वाटेपासून इतके लांब आलेले की शोधायला येणाऱ्यांना हे दिसणारच नाहीत.

पायलट फ्रँक टाउन्स म्हणजे जेम्स स्ट्यूअर्ट. त्याचा दारुडा पण मनानं चांगला नॅव्हिगेटर मोरान म्हणजे रिचर्ड अॅटनबरो. (हेच ते ज्यांनी पुढं १९८२ साली 'गांधी' काढला, ज्यात आपल्या रोहिणी हट्टंगडी कस्तुरबा होत्या आणि ज्याच्या वेशभूषेसाठी कोल्हापूरच्या भानू अथैयांना ऑस्कर मिळालं. मला हे कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्या दारुड्या मोरानच्या चेहऱ्यात तो दिग्दर्शक शोधत बसले होते.) आणि तिसरा हार्डी क्रूगर, म्हणजे हाइनरिक डॉर्फमन, चष्मेवाला जर्मन, कुणाशी गोड बोलणार नाही, कुणाचं मन राखणार नाही. हा म्हणतो, मी विमानांचा डिझायनर आहे, मी हिशोब केलाय, या मोडक्या विमानातून एक छोटं विमान बांधता येईल.

ते मोडकं विमान फेअरचाइल्ड सी-८२ पॅकेट आहे, दोन शेपट्यांचं. मधे माल भरायची मोठी पेटी आणि दोन्ही बाजूंना इंजिनापासून थेट शेपटीपर्यंत गेलेले दोन लांब दांडे, त्यांना बूम म्हणतात. डॉर्फमनचा प्लॅन असा की एक बूम आणि त्यावरचं इंजिन शाबूत आहे, तेच नव्या विमानाचं अंग, एका बाजूचा पंख आहे तिथं आहेच, दुसऱ्या बाजूचा पंख काढायचा आणि इकडं आणून जोडायचा. माणसं पंखांवर पालथी झोपणार. अण्णांना हे एक शब्द न समजता समजलं होतं, ते वर्कशॉपमध्ये दोन अॅक्सिडेंट झालेल्या गाड्यांमधून एक उभी करायचे. मी मधे मधे माझ्या सातवीच्या इंग्लिशमधून काहीतरी सांगायला जायची तर ते हात वर करायचे, कळलं कळलं.

या पॅकेटचं एक नातं आपल्याशीही आहे. सी-८२ सुधारून पुढं सी-११९ झालं आणि ते आपल्या हवाई दलात होतं, त्यालाही सगळे पॅकेटच म्हणायचे. जुलै १९६२ मध्ये स्क्वाड्रन लीडर राजे यांनी असलंच एक पॅकेट लडाखमध्ये दौलत बेग ओल्डीला उतरवलं, सोळा हजार फुटांच्याही वर, एवढ्या उंचीवर तोपर्यंत जगात कुणी विमान उतरवलं नव्हतं. अण्णांना त्या दोन शेपट्या बघताक्षणी ओळखीच्या वाटल्या होत्या, म्हणाले हे विमान मी पेपरात बघितलंय. तेव्हा आम्ही कुणी लक्ष दिलं नाही.

बहुतेक लोक या पिक्चरला जिद्दीची गोष्ट म्हणतात, मला तसं कधीच वाटलं नाही. जिद्द सगळ्यांकडं आहे यात, आणि नुसत्या जिद्दीवर गेलेली माणसं मरतात. फौजेतला कॅप्टन हॅरिस शिस्तीचा, शूर माणूस, तो चालत मदत आणायला निघतो, बरोबर कार्लोस नावाचा कामगार, तो आपलं पाळलेलं माकड क्रो नावाच्या सोबत्याकडं सोपवून जातो, आणि डोकं फिरलेला बिचारा कॉब कुणाचं न ऐकता त्यांच्या मागं जातो. हॅरिस एकटाच परत येतो, तोही अर्धमेला. पुढं तोच हॅरिस डॉक्टरला घेऊन जवळून जाणाऱ्या टोळीशी बोलायला जातो आणि सकाळी दोघांचे गळे चिरलेले सापडतात. हॅरिसचा सार्जंट, वॉटसन, मात्र पहिल्या वेळी पाय मुरगळल्याचं सोंग करतो, दुसऱ्या वेळी सरळ नाही म्हणतो, आणि मधे एकदा अर्धमेला हॅरिस वाळूत पडलेला दिसतो तरी गप्प बसतो. आणि हा वॉटसन शेवटपर्यंत जगतो. पिक्चर त्याला काही शिक्षा देत नाही. लहानपणी मला याचा फार राग आला होता. आता वाटतं की इथंच हा पिक्चर बाकीच्यांपेक्षा खरा आहे, तो कुणाला बक्षीस म्हणून जगवत नाही.

मला तो मोठा वाटतो तो टाउन्स आणि डॉर्फमनमुळं. टाउन्स जुन्या काळचा पायलट, हाताच्या अंदाजावर, कानावर विमान चालवणारा, आणि अपघाताचा दोष त्यानं लॉगबुकात स्वतःच्या नावावर लिहून टाकलाय. तो डॉर्फमनचं ऐकूच शकत नाही, कारण ऐकलं तर कबूल करावं लागतं की हिशोबाची पट्टी घेतलेला हा पोरगा बरोबर आहे. आणि डॉर्फमनही असा की त्याची बाजू घ्यावी असं कुणाला वाटू नये. पाणी चोरलं कुणी म्हणून टाउन्स विचारतो तर हा सरळ सांगतो, मी घेतलं, कारण मी जास्त काम करतो. त्याच्याच डोक्यावर सगळ्यांचा जीव टांगलाय आणि त्याच्याशी दोन शब्द बोलावंसं कुणाला वाटत नाही. नावडता माणूस बरोबर असतो तेव्हा घशात काय अडकतं ते स्ट्यूअर्टच्या चेहऱ्यावर बघा, संवाद म्यूट करून बघा.

आणि मग तो सीन. विमान जवळजवळ बांधून झालंय आणि टाउन्स-मोरानच्या हाती डॉर्फमनच्या कंपनीचा कॅटलॉग लागतो. त्यात मॉडेल विमानं आहेत. हा माणूस फक्त मॉडेल विमानं बनवतो, खरं विमान आयुष्यात एकही नाही. दोघांचे चेहरे पडतात, आणि डॉर्फमनला कळतच नाही की यात वाईट वाटण्यासारखं काय आहे. तो समजावून सांगतो की नियम तेच आहेत, उलट मॉडेलचं डिझाइन जास्त काटेकोर लागतं, कारण त्यात सावरायला पायलट बसलेला नसतो, त्याला आपलं आपण स्थिर उडावं लागतं. अण्णांना हे मी तेव्हा तोडकंमोडकं सांगितलं तर ते लगेच म्हणाले, बरोबर बोलतोय तो. काका हसले, म्हणाले अहो खेळणी बनवतो तो. अण्णा म्हणाले, खेळणं नाही ते.

मग इंजिन स्टार्ट करायचं. बॅटरीवर फिरणारा सेल्फ नाही, बंदुकीच्या काडतुसासारखं काडतूस असतं, ते फोडलं की गॅसच्या दाबानं इंजिन फिरतं. सात काडतुसं आहेत. एक गेलं, इंजिन खोकलं, बंद. दुसरं, तिसरं. मग टाउन्स म्हणतो की मी एक काडतूस इग्निशन बंद ठेवून उडवणार, सिलिंडर साफ करायला. डॉर्फमन ओरडतो, वेडा झालायस का. आणि इथं पहिल्यांदा म्हातारा बरोबर असतो, त्याचा कान बरोबर असतो. इंजिन धरतं. हा सीन आम्ही त्या दुपारी सहा वेळा बघितला असेल. अण्णा प्रत्येक वेळी स्वतःचा उजवा हात अंगठ्यानं बटण दाबल्यासारखा करायचे.

विमान उडतं. सात माणसं आणि ते माकड वाचतात. आणि सगळं संपल्यावर पडद्यावर एक मजकूर येतो, पॉल मँट्झ नावाच्या वैमानिकानं हा चित्रपट करताना आपला जीव गमावला, असा. मी तो वाचून अण्णांना मराठीत सांगितला. ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, मागं घे, उडतानाचं दाखव. मी मागं घेतलं. थांबव. सोड. थांबव. थरथरतं चित्र, पांढरे पट्टे. आणि अण्णा म्हणाले, "हे विमान दुसरं आहे. शेवटचं. याचं पोट बघ, खाली आलंय. पहिलं मोडलं असणार, मग हे दुसरं आणलं."

मी म्हणाले, नाही हो अण्णा, असं काही नाहीये त्यात, तुम्हाला इंग्लिश कळत नाही म्हणून. काकांसमोर म्हणाले. अण्णांनी परत एकदा स्क्रीनकडं बघितलं आणि उठले, म्हणाले चला, काकांना जेवायचं असेल.

ते वाक्य मी विसरले नाही. अण्णा विसरले असतील असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत होते.

मार्च २०२२ मध्ये अमेरिकेत क्रायटेरियन कंपनीनं या पिक्चरची ब्लू-रे डिस्क काढली, टूके रिस्टोरेशन करून, म्हणजे जुनं चित्र नव्यानं स्वच्छ करून. त्याच्या दोनच महिने आधी, जानेवारीत, हार्डी क्रूगर गेला, त्र्याण्णव वर्षांचा होऊन. माझा भाऊ न्यू जर्सीला असतो, त्याला सांगून मी ती मागवली आणि तो उन्हाळ्यात आला तेव्हा घेऊन आला. मी डिस्क घातली आणि टीव्हीवर मेसेज आला की ही इथं चालणार नाही. ब्लू-रेच्या धंद्यात जगाचे तीन भाग केलेत, अमेरिका आणि जपान ए मध्ये, युरोप बी मध्ये, भारत, चीन, रशिया सी मध्ये, आणि माझ्या हातातली डिस्क ए ची. हे आधी माहिती करून घ्यायला पाहिजे होतं हे खरं, पण एखादी वस्तू पैसे मोजून घेतलेली, हातात धरलेली, आणि ती आपल्याला म्हणते की तू चुकीच्या देशात आहेस, याचं मला फार लागलं. अख्खं वर्ष ती कपाटात होती. पुढच्या खेपेला भावानं त्याचा तिकडचा जुना प्लेअरच आणला आणि सोबत आपल्या विजेचा दाब उतरवणारा स्टेपडाउन, आणि दिवाळीत एकदाची ती लागली.

पहिल्यांदा मी एकटीनंच बघितली. काय सांगू. कॅसेटमध्ये जे नुसतं पिवळं होतं ती वाळू निघाली, दाणे दिसतात. ओठांवरच्या भेगा, उन्हानं सोललेली नाकं, शर्टावर घामाचं मीठ वाळून आलेल्या रेघा. दिवसा ऊन म्हणून ते रात्री काम करतात, ते सीन कॅसेटवर जवळजवळ काळेच होते, नुसते आवाज यायचे, आता हात दिसतात, कोण काय धरून उभा आहे ते दिसतं. पाय चेचलेल्या गॅब्रिएलच्या रेडिओवर कॉनी फ्रान्सिसचं गाणं लागतं आणि सगळे गप्प होतात, तेव्हा एकेकाच्या डोळ्यात काय आहे ते दिसतं. डिस्कवर जास्तीच्या गोष्टीही आहेत, दिग्दर्शक वॉल्टर हिल आणि अभ्यासक अॅलन सिल्व्हर यांच्या गप्पा, आणि स्ट्यूअर्टचे चरित्रकार त्याच्या युद्धातल्या दिवसांबद्दल बोलतात ते. स्ट्यूअर्ट दुसऱ्या महायुद्धात बी-२४ बॉम्बर चालवायचा, युरोपवर वीस मोहिमा केल्या होत्या, पुढं हवाई दलाच्या राखीव फौजेत ब्रिगेडियर जनरल झाला. म्हणजे टाउन्स लॉगबुकात मेलेल्यांची जबाबदारी स्वतःवर घेतो तेव्हा तो हात खरोखर माणसांना घेऊन उडालेला हात आहे.

आणि मग मी मँट्झबद्दल वाचायला बसले, जे मी इतकी वर्षं केलं नव्हतं.

पिक्चरसाठी खरोखर उडणारं एक विमान बांधलं होतं. नाव फीनिक्स पी-१, डिझाइन ऑटो टिमचं. हा तोच ऑटो टिम ज्यानं १९२२ साली पुढं प्रसिद्ध वैमानिक झालेल्या चार्ल्स लिंडबर्गला आयुष्यात पहिल्यांदा विमानातून वर नेलं, आणि स्ट्यूअर्टनं पडद्यावर लिंडबर्गचं काम केलं होतं १९५७ साली, काय धागे असतात. पी-१ चे पंख एका बीचक्राफ्ट विमानाचे, इंजिन टेक्सन नावाच्या शिकवण्याच्या विमानाचं, अंग प्लायवूडचं. उडवणार होता फ्रँक टॉलमन, पण मुलाच्या गो-कार्टला धक्का देताना त्याचा गुडघा दुखावला आणि मग त्याचा पार्टनर पॉल मँट्झ बसला. वय एकसष्ट, आयुष्यभर सिनेमांसाठी विमानं उडवलेली. ८ जुलै १९६५, कॅलिफोर्नियात, अॅरिझोनाच्या युमा गावाजवळचं वाळवंट. विमान जमिनीला टेकून परत उचलायचं होतं, उड्डाण केल्यासारखं दिसायला. एक टेक झाला होता. दुसऱ्या टेकला विमान वाळूच्या उंचवट्याला लागलं, मँट्झनं इंजिनाला पूर्ण जोर दिला, पण अंग मोडलं आणि नाक वाळूत घुसलं. मँट्झ तिथंच गेला. त्याच्या मागं उभा असलेला स्टंटमन बॉबी रोझ जबर जखमी झाला पण वाचला.

राहिलेले उडतानाचे शॉट त्यांनी दुसऱ्या विमानावर घेतले. नॉर्थ अमेरिकन ओ-४७, जुनं टेहळणीचं विमान, वरची काच काढली, खाली घसरपट्ट्या लावल्या, शेपटीखाली एक पाखा वाढवला, रंग फीनिक्सचा दिला. या ओ-४७ ची ओळख म्हणजे त्याचं पोट. टेहळणी करणाऱ्याला खाली बघता यावं म्हणून त्याचं पोट मुद्दाम खोल केलेलं असतं.

हे वाचलं तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजले होते. मी प्लेअर परत लावला, शेवटच्या उड्डाणापाशी गेले आणि पॉज केलं. पट्टे नाहीत, थरथर नाही, चित्र स्वच्छ. एका शॉटमध्ये काटकुळं प्लायवूडचं विमान, मँट्झचं. आणि पुढं गेलं की पोट खाली आलेलं.

अण्णा आता ऐंशीच्या आसपास आहेत. डोळ्यांचा मधला भाग गेलाय, कडेकडेनं दिसतं, माणूस आला की मान तिरपी करून बघतात. भाऊबीजेच्या दुपारी मी त्यांना टीव्हीसमोर बसवलं, त्याच हातभर अंतरावर, फक्त आता खुर्चीत. काय लावतेस म्हणाले. मी सांगितलं नाही. इंजिनं बंद पडायला लागली तसे म्हणाले, "कार्ब्युरेटर. हा मस्कतच्या काकांचा पिक्चर." अडीच तास बसले. चित्रातलं किती दिसलं माहीत नाही, पण काडतुसांच्या वेळी त्यांचा अंगठा हलत होता, आणि टाउन्सनं काही म्हणायच्या आधी म्हणाले, आता इग्निशन बंद करेल बघ.

विमान उडालं तेव्हा मी पॉज केलं.

"अण्णा, हे विमान दुसरं आहे."

ते काही बोलले नाहीत.

मी म्हणाले, तुम्ही म्हणाला होता तेव्हा. पोट खाली आलंय. पहिलं मोडलं, त्यातच तो वैमानिक गेला, मग हे दुसरं आणलं. तुमचं बरोबर होतं आणि मी काकांसमोर तुम्हाला तसं बोलले.

अण्णांनी मान तिरपी केली आणि स्क्रीनच्या कडेकडून बघत राहिले बराच वेळ.

"एकसारखं दिसायला खाली घसरपट्ट्या मारल्या असतील," ते म्हणाले, "मग चाकं कुठं लपवली? बघ बरं, दिसतात का."

मी रिमोट ठेवला, टीव्हीजवळ जाऊन गुडघ्यांवर बसले आणि बघायला लागले.